माकुडीची कपार

"उघडलं का बघ," हे म्हणाले.

गच्चीवर कोवळं ऊन नुकतंच उतरलं होतं. मी कुंडीपाशी उकिडवी बसले होते आणि हे माझ्या मागे, हातात भिंग घेऊन उभे होते. भिंगाचा त्यांना आता काही उपयोग नव्हता. काचबिंदूने एक डोळा पुरता घेतला होता आणि दुसऱ्याने नळीतून बघावं तेवढंच दिसत होतं. पण हातात भिंग नसलं की त्यांना गच्चीवर चैन पडत नसे.

"उघडलंय," मी म्हटलं. "पाचही पाकळ्या मागे वळल्यात."

"रंग?"

"डाळिंबाच्या सालीसारखा. मध्ये पिवळे ठिपके."

"वास?"

मी वाकले. "मेलेल्या उंदराचा."

"छान," हे म्हणाले, आणि बऱ्याच दिवसांनी हसले. "मग आजच जायचं. डबी आणि सुई घे."

त्या झाडाचं नाव शिंदळ माकुडी. करंगळीएवढे जाड, मांसल दांडे, कड्याच्या कपारीतून लोंबणारे. पावसाळ्यात पानं धरतं, उन्हाळ्यात टाकून देतं आणि दांड्यांत साठवलेल्या पाण्यावर पुढचा पाऊस येईपर्यंत तग धरतं. गुराखी पोरं दांडे मोडून खातात. आपल्या सह्याद्रीतले काही कडे सोडले तर जगात दुसरीकडे ते उगवत नाही.

हे जुन्नरच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. निवृत्त झाल्यावर सगळा वेळ गच्चीला दिला. कोरफडीचे नाना प्रकार, वाघाच्या जबड्यासारखी काटेरी पानं असलेली झाडं, फुगलेल्या बुंध्याची अडेनियम, खड्यांसारखी दिसणारी लिथॉप्स, लाल टोपीचे कलमी निवडुंग. प्रत्येकाची माती वेगळी, पण सगळ्यांत विटांचा चुरा आणि जाड वाळू असायचीच. कुंडीखाली बशी ठेवलेली त्यांना खपत नसे. पाहुण्यांनी विचारलं, सर, पाणी किती घालायचं, की ठरलेलं उत्तर द्यायचे. "तहानेने मेलेलं एक झाड दाखवा, मायेने मेलेली शंभर दाखवतो." पिठ्या ढेकूण पडले तर मी स्पिरिटमध्ये कापसाचा बोळा बुडवून एकेक ढेकूण पुसून काढत असे. फवारायचं औषध आम्ही घरात ठेवत नव्हतो.

माकुडीच्या आमच्याकडे डझनभर कुंड्या होत्या, पण झाड म्हणाल तर ते एकच. एका दांड्याचे तुकडे लावून वाढवलेलं. फुलं दरवर्षी यायची, शेंग कधी धरली नाही. एकाच रोपाची फुलं एकमेकांना फळत नाहीत, असं ह्यांचं म्हणणं. शिवाय दर पावसाळ्यात त्यातल्या दोन-तीन कुंड्या बुडापासून काळ्या पडून बसायच्या. जी खोड एकीला, तीच सगळ्यांना. "बी धरलं नाही तर ही सगळी एका पावसात जातील," हे म्हणायचे. बी धरायला दुसरं झाड हवं होतं, आणि ह्यांच्या माहितीत ते एकाच ठिकाणी उरलं होतं. चांभोळगडावर, पश्चिम दरवाजाच्या खाली, एका कपारीत.

ती जागा त्यांनी कुणालाही सांगितली नव्हती. कॉलेजात नाही, वनखात्यात नाही, मलाही नाही. अशी झाडं जमवणाऱ्यांची ही रीतच आहे. पत्ता फुटला की झाड महिन्याभरात कुणाच्या तरी बाल्कनीत जाऊन बसतं. पण त्या वर्षी डॉक्टरांनी दुसऱ्या डोळ्याचीही खात्री देता येत नाही म्हणून सांगितलं, तेव्हा ह्यांनी मला गच्चीवर बोलावलं.

"पुढच्या वर्षी ती वाट मला दिसायची नाही," म्हणाले. "या वर्षी तुला दाखवतो. तिथल्या फुलातला पराग काढायचा, इथल्या फुलात बसवायचा. हात तुझे."

मी शिवणक्लास चालवायचे, त्यामुळे बोटांचा भरवसा होता. या कुळातल्या फुलांत पराग सुटा नसतो. मेणाच्या इवल्याशा गोळ्या असतात, दोन-दोन जोडलेल्या, त्या सुईच्या टोकाने उचलाव्या लागतात. महिनाभर मी रस्त्याकडेच्या रुईच्या फुलांवर हात बसवला, कारण रुई त्याच कुळातली. आमच्या मुलाचं मंदार हे नाव म्हणजे रुईच. ते ह्यांनीच ठेवलं होतं.

त्या दिवशी नवरात्रातली नववी माळ होती. मी डबी पुसून पिशवीत टाकत होते, तेवढ्यात फाटकाशी मोटारसायकल थांबली. तीन दिवसांनी मंदार घरी येत होता.

"आई, हात बघ." स्वयंपाकघरात येऊन त्याने दोन्ही तळवे पुढे केले. फोड आलेले आणि काही फुटलेलेही. "पोहे केलेत का? पातेल्यासकट दे."

"आधी आंघोळ."

"आंघोळीला गेलो तर तिथेच झोपेन बघ."

हे भिंतीला हात लावत जिन्यावरून उतरले आणि टेबलापाशी बसले. एरवी हे आले की मंदार ताटली घेऊन मागच्या खोलीत जायचा. दोघांचं बोलणं माझ्यामार्फत चालायचं. ‘त्याला सांग’, ‘बाबांना विचार’ असं. त्या दिवशी तो उठला नाही.

"बाबा," तो सरळ त्यांनाच म्हणाला, "या दसऱ्याला गडाचं तोरण आपलं. आपल्या मंडळाला मिळालं."

वर्षभर तो उमेश नावाच्या एका मुलाच्या मंडळात जात होता. ही पोरं गडांवर जाऊन टाक्यांतला गाळ काढत, दरवाजे मोकळे करत, आणि दसऱ्याला दरवाजाला झेंडूचं तोरण बांधत.

"हडसरचं ना?" हे म्हणाले.

"तिथं दुसरं मंडळ आधीच पोचलेलं. मग उमेशदादा म्हणाला, चांभोळगड करू. तिथं कुणी कुत्रं फिरकत नाही."

मी गॅसपाशी होते. हातातली सांडशी खाली ठेवली.

"पश्चिम दरवाजा आता ओळखणार नाही तुम्ही," मंदार तोंडात घास घेऊन सांगत होता. "एवढा झाडोरा माजलेला, कमानीवरचा हत्तीच दिसत नव्हता. पिंपळ, उंबर, सगळं मुळासकट काढलं. मग खालच्या कपारी. दोरावर मीच होतो."

"कपारी कशाला?" ह्यांचा आवाज नेहमीचाच होता.

"खालून येताना तेच तर पहिलं दिसतं. तोरणाचा फोटो तिथूनच निघतो. कोयत्याने खरवडलं, वरून तारेच्या ब्रशने घासलं. एक मुळी ठेवली नाही."

"काढलेलं कुठं टाकलं?"

"टाकलं नाही, जाळलं. नाहीतर पुन्हा लागतं. दादाचा नियमच आहे तो." मंदार हसला. "एक गंमत झाली पण. सगळं भडाभडा पेटलं, एक ढीग काही केल्या पेटेना. जाड जाड दांडे होते. नुसता धूर, आणि भाजीला सुटतं तसं पाणी सुटत होतं त्यातून. शेवटी जीपमधलं डिझेल आणून ओतलं."

"पानं होती त्याला?"

"होती की. जाडसर."

"फुलं?"

"बारकी, लाल. असला घाण वास, विजू म्हणाला खाली काहीतरी मेलंय. का हो, औषधी होतं काय?"

ह्यांनी चमचा ताटलीत ठेवला. चमच्याचा आवाजसुद्धा झाला नाही. मी पोह्यांचं पातेलं उचलून दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिले. कुणालाच वाढायचं नव्हतं.

"मला बघायचंय," हे म्हणाले.

"काय?"

"तू साफ केलेलं."

मंदारने माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "खरंच येताय? चढवेल तुम्हाला?"

"तू हात धर."

तो धावतच उमेशची जीप मागायला गेला. जाताना आंघोळ करून गेला आणि धुतलेला शर्ट घातला.

तो गेल्यावर मी म्हटलं, "आपण नको जाऊ या."

"एवढासा तुकडा राहिला असला तरी पुरेल," हे म्हणाले. "पेरभर. डबी घे."

गडाच्या पायथ्याला जीप लावून आम्ही चढायला लागलो. मंदार पुढे, एक हात मागे करून त्याने ह्यांचा हात धरलेला. "आता पायरी आहे. आता उजवीकडे या. इथं निसरडं आहे, माझ्या खांद्यावर हात ठेवा." त्याच्या तोंडून एवढी वाक्यं त्यांच्यासाठी निघालेली मी चार वर्षांत ऐकली नव्हती.

चार वर्षांपूर्वी माकुडीची आणखी एक जागा होती, नाणेघाटाकडच्या एका टेकडीवर. तेव्हा हे मंदारला बरोबर नेत असत, पण त्याला ओढ कड्यांची, झाडं त्याला सगळी सारखीच दिसायची. तो इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. त्याने खालून, कपारीशी चढलेल्या बाबांचा सुंदर फोटो काढला आणि बाबांनी दुर्मीळ झाड शोधलं म्हणून कौतुकाने फेसबुकवर टाकला. टेकडीच्या नावासकट. महिन्याभराने हे तिथं गेले तेव्हा कपारीत खणल्याच्या खुणा होत्या, बाकी काही नव्हतं. परत आले ते तसेच अंगणात उभे राहिले. ह्यांचे दोन विद्यार्थी बसलेले होते, त्यांच्यासमोर मंदारला म्हणाले, "तू हात लावशील ते मरतं."

आठवड्याभरात मंदारने गच्चीवरच्या कपाटातलं औषध घेतलं. पिठ्या ढेकणांवर फवारायचं.

पुण्याच्या दवाखान्यात काचेबाहेर उभे राहून हे मला एकच विचारत होते. "मी असं कसं बोललो गं?" मुलगा वाचला, पण त्यानंतर कॉलेज सुटलं, आणि तीन वर्षं तो मागच्या खोलीतून बाहेर पडला नाही. दाढी करायलासुद्धा हात थरथरायचा. उमेशने त्याला एका रविवारी ओढून नेलं नसतं तर आजही तिथंच असता. दवाखान्यातून आल्यापासून तो गच्चीवर चढला नव्हता आणि ह्यांनीही त्याला झाडाबद्दल एक अक्षर सांगितलं नव्हतं. मला वाटायचं, त्याला वाचवण्यासाठी सांगत नाहीत. झाडाला वाचवण्यासाठीही असेल. दोन्ही खरं असेल.

दरवाजाखाली आलो तेव्हा पोरं झेंडूच्या माळा ओवत बसली होती. उमेश उठून आला, ह्यांच्या पाया पडला.

"सर, तुमच्या मंदारने कमाल केली. उन्हात दिवसभर दोराला लटकून. आम्ही म्हटलं, बास, ये वर. तर म्हणतो, एवढी कपार झाली की येतो."

"हो का," हे म्हणाले.

"वटवाघूळ म्हणतात आता त्याला," माळ ओवणारा एक जण म्हणाला आणि सगळे हसले. मंदारही हसला.

वरचा दगड खरोखर सुरेख दिसत होता. काळाभोर, ओला असल्यासारखा. कमानीवरचा हत्ती सोंड उचलून उभा. दरवाजाच्या खाली डाव्या अंगाला हातभर रुंदीची एक पायवाट कड्याच्या पोटाला धरून गेली होती. हे न विचारता तिकडे वळले. मंदारला नवल वाटलं.

"तुम्हाला कसं माहीत, तीच कपार?"

"अंदाज. धर हात."

शेवटपर्यंत गेल्यावर त्यांनी दगडाला तळवा लावला. खालपासून वर, जणू अंधाऱ्या खोलीत दिव्याचं बटण शोधावं तसा फिरवला. मग बोटं भेगेत घातली, जातील तेवढी. भेगेच्या कडेला ब्रशच्या तारांचे पांढरे ओरखडे दिसत होते. बोटं बाहेर काढली तेव्हा त्यांना कोरडी माती लागलेली होती.

"दमलो रे," ते म्हणाले. "मला जरा बसव. आणि प्यायला पाणी बघ."

मंदार पाण्याला गेला. हे खालच्या आवाजात मला म्हणाले, "राख बघ."

राख दरवाजाच्या आत, देवडीच्या कोपऱ्यात होती. काटकीने उकरलं. वरचा थर भुरकट, मऊ. खाली दांडे होते. जळलेले नव्हते, उकडलेले होते. हात लावला की साल सुटून हातात यायची आणि आतून काळपट पाणी निघायचं. सगळ्याला डिझेलचा वास. हे झाड मुळाशिवाय महिना महिना उन्हात पडलं तरी जगतं. तोडून नुसतं दरीत भिरकावलं असतं तरी एखादा तुकडा कुठंतरी लागला असता. ढिगाच्या अगदी तळाशी मला एक पेर सापडलं, ज्याचं एक टोक अजून कडक लागत होतं. डबीत टाकून परत गेले आणि त्यांच्या तळव्यावर ठेवलं.

त्यांनी ते दोन बोटांत दाबून पाहिलं. नाकाशी नेलं. मग मूठ मिटून खिशात घातलं, कारण मंदार पाण्याची बाटली घेऊन येत होता.

"काय सापडलं?"

"तुझी आई काय, दिसेल ते उचलते," हे म्हणाले. पाणी प्यायले. पुष्कळ वेळ प्यायले. मग विचारलं, "हे सगळं तू एकट्याने केलंस?"

"ही कपार तरी एकट्यानेच."

"भीती नाही वाटली?"

"पहिल्या दिवशी वाटली. नंतर हात थांबला," मंदार म्हणाला. "थरथरायचा थांबला, म्हणजे."

ह्यांचा दिसणारा डोळा मंदारवर नव्हता, दगडावरही नव्हता.

"चांगलं केलंस," ते म्हणाले. "स्वच्छ झालंय."

मंदारने मान फिरवली आणि दोर गुंडाळायला लागला. गुंडाळलेला दोर पुन्हा सोडून पुन्हा गुंडाळला. उमेशने वरून हाक मारून आमचा तिघांचा फोटो काढला. तो फोटो आजही मंदारच्या दिवाणखान्यात आहे. हे मध्ये आहेत आणि त्यांचा एक हात खिशात आहे.

घरी आल्यावर मी ते पेर विटेच्या चुऱ्यात रोवलं. हे मला रोज सकाळी विचारायचे. तिसऱ्या दिवशी मी बोट लावलं तर ते चुऱ्यात चिखलासारखं बसलं. त्यांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं. गच्चीवरचं फूल त्याआधीच मिटून गळून गेलं होतं.

"कपारीत मुळी खोल असते," हे त्या संध्याकाळी म्हणाले. "हातभर आत. ब्रश पोचत नाही तिथं. दोन-तीन पावसाळे कुणी हात लावला नाही तर फुटेल."

"त्याला सांगू या का?"

"काय सांगशील?"

मी वाक्य जुळवून पाहिलं. हात लावू नको, एवढंच सांगायचं होतं. पण कुठूनही सुरुवात केली तरी ते जाळलेल्या ढिगापर्यंत जाऊनच थांबत होतं.

पुढच्या नवरात्रात मंदार निघाला तेव्हा मी जाता जाता म्हटल्यासारखं म्हटलं, "ती खालची कपार या वर्षी राहू दे. घासून घासून दगड झिजेल."

"असं कसं?" तो म्हणाला. "बाकीचं पोरं करतील. ती माझी. बाबांना आवडली ना."

त्याने खुर्चीकडे पाहिलं. हे तिथं बसले होते, दोन्ही डोळे गेलेले.

"जाऊ दे त्याला," हे म्हणाले.

पुढच्या दोन पावसाळ्यांत गच्चीवरच्या कुंड्या एकामागून एक बसल्या. शेवटची बसली ते मी ह्यांना सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. पुढे तेही गेले. मंदारचं लग्न झालं, मुलगी झाली, उमेशनंतर मंडळ तोच चालवतो. वर्षभर कुठंही असला तरी नवरात्रात दोर घेऊन चांभोळगडावर जातो आणि सगळ्यांच्या आधी ती कपार घासतो. पोरं तिला ‘सरांची कपार’ म्हणतात.

गेल्या वर्षी निघायच्या आधी तो माझ्याकडे आला होता. मी डब्यात चपात्या भरत होते.

"आई, तुला एक सांगायचं राहिलं," तो म्हणाला. "त्या भेगेतून दरवर्षी काहीतरी हिरवं वर येतं. एवढंसं, नखाएवढं. कितीही खरवडा, पुढच्या पावसाला पुन्हा हजर. भलतंच चिवट आहे."

मी चपातीची घडी घातली.

"पण मी ठेवत नाही," तो म्हणाला. "बाबांनी उभ्या आयुष्यात मला एकदाच चांगलं म्हटलं, ते तिथं."

मी झाकण लावून डबा त्याच्या हातात दिला.